अ‍ॅम्पवरचा हिरवा दिवा

१

बेस स्टँडवर उघडा उभा होता, आणि तिथेच माझ्या छातीत धस्स झालं.

कुणी म्हणेल, गिटार स्टँडवर नाही तर कुठे असणार? पण हा दादाचा बेस. चार जाड तारांचा, लांब मानेचा, नुसता उचलला तरी खांदा दुखावा इतका जड. वाजवून झालं की दादा आधी तो फडक्यानं पुसतो, पेटीत ठेवतो, दोन्ही कड्या लावतो, मग स्वतः पाणी पितो. ओल्या हवेत उघडा राहिला तर लाकडी मान वाकते, तारा मानेवरच्या धातूच्या पडद्यांवर घासून चरचरतात. स्वतःच्या लग्नाच्या दिवशीसुद्धा दादानं पेटीच्या कड्या दोनदा तपासल्या आणि मगच वहिनीकडे पाहिलं. वहिनीनं अजून ते माफ केलेलं नाही.

मी दादाची धाकटी बहीण आणि त्याच्या बेसची डॉक्टर. कार्यक्रमाच्या दिवशी सकाळी मी हॉलवर आधी पोचते, बेसचा आवाज मोठा करणारा अ‍ॅम्प लावते, तारांची उंची बघते, मान सरळ आहे का ते डोळा लावून पाहते. मग दादा येतो. अ‍ॅम्प सुरू आहे का हे विचारायला तो तोंड उघडत नाही. लांबूनच वायरची पिन बोटानं ठोकतो, म्हणजे अ‍ॅम्पमधून आवाज येतो. ठक ठक, जरा थांबून, ठक. मी हात वर करते. आमच्यात बोलणं एवढंच.

त्या सकाळी हॉलमध्ये कुणी नव्हतं. मी भित्री आहे हे सांगून टाकते, म्हणजे पुढे आश्चर्य वाटायला नको. घरात मला भित्री भागूबाईच म्हणतात. रिकाम्या खुर्च्यांच्या रांगा, डोक्यावर पुढे आलेली ती जुनी बाल्कनी, आणि स्टेजवर एकटा उभा बेस.  तरी सवयीनं मी फडकं काढून तारा पुसल्या. फडक्यावर पांढरी भुकटी आली. बोटांत चोळली तर वाळूसारखी खरखरीत लागली.

मी फोन लावला. दादाचा बंद होता. मग वहिनीला लावला.

"तो तिथेच आहे ना?" वहिनी म्हणाली. "काल संध्याकाळी मेसेज आला होता, आज मुक्काम इथेच, फोन बंद ठेवतोय म्हणून."

"वहिनी, बेस उघडा आहे."

पलीकडे खुर्ची मागे सरकल्याचा आवाज आला.

"निघाले," ती म्हणाली. "कुणालाही काही सांगू नकोस. आणि एकटी उभी राहू नकोस."

एकटी उभी राहू नको म्हणजे नक्की काय करू, हे मात्र तिनं सांगितलं नाही.

२

वहिनी विमा कंपनीत आहे. आग लागली, चोरी झाली म्हणून लोक जे दावे करतात, त्यातला खरा कुठला आणि बनाव कुठला हे शोधून काढणं तिचं काम. ती कुणावर आवाज चढवत नाही. शेजारी बसते आणि साधेसाधे प्रश्न विचारते. त्या दिवशीही तिनं तेच केलं, फक्त पर्सचा पट्टा बोटांना इतका घट्ट गुंडाळला होता की बोटं पांढरी पडली होती.

येता येता तिनं पोलिसांना फोन केला होता. मोठा माणूस आहे, मेसेज आहे, संध्याकाळपर्यंत वाट बघा, असं उत्तर मिळालं होतं.

पहिला आला तो ड्रमर. अंगानं दारापेक्षा जरा मोठाच. त्याला सगळे गडगड्या म्हणतात. काल सकाळी त्याचं आणि दादाचं आवाजावरून कडाक्याचं भांडण झालं होतं, हे मला माहीत होतं. त्यानंही लपवलं नाही.

"झालं भांडण. आमचं दर कार्यक्रमाला होतं. दुपारनंतर तो हॉलचा सूर शोधत होता, कुठल्या सुराला हॉल थरथरतो तो, मी बाहेर लॉबीत बसून जेवत होतो. एकच खालचा सूर, परत परत. घास घशाखाली उतरेना इतकी खुर्ची थरथरत होती. मग थांबला."

"कसा थांबला?" वहिनीनं विचारलं.

गडगड्या जरा घुटमळला. "मध्येच. कुणी तोंडावर हात ठेवावा तसा. मला वाटलं, वैतागला आणि घरी गेला. रात्री खोलीवर आला नाही तेव्हाही तेच वाटलं. बायकोकडे गेला असेल म्हटलं."

"आणि मला वाटलं तुमच्याकडे आहे," वहिनी म्हणाली.

तेवढ्यात दुसरा आला, पाठीवर स्वतःचा बेस घेऊन. हा दादाचा जुना शिष्य. दादा आजारी पडला की हा वाजवतो, म्हणून त्याला सगळे बदली म्हणतात, दादाच्या फोनमध्येही त्याचं तेच नाव आहे. दादा गायब असल्याचं आम्ही त्याला कळवलं नव्हतं, आणि हा वाजवायला हजर. 

"तुला कुणी बोलावलं?" मी विचारलं.

"सरांनीच की." त्यानं फोन पुढे केला. काल संध्याकाळचाच मेसेज होता. 'बाहेरगावी जातोय. उद्या माझ्या जागी वाजव.'

वहिनीनं स्वतःचा फोन त्याच्या शेजारी धरला. एका मेसेजमध्ये मुक्काम इथेच, दुसऱ्यात बाहेरगावी. दोन्ही एकाच वेळेचे.

"हे त्यानं लिहिलेलं नाही," ती हळूच मला म्हणाली. तिचा आवाज सपाट होता. "फोन दुसऱ्या कुणाच्या तरी हातात आहे."

तिसरे होते हॉलचे व्यवस्थापक. इस्त्रीचा शर्ट, कमरेला किल्ल्यांचा जुडगा, बोलणं लोण्यासारखं. त्यांच्याबरोबर त्यांची कॉलेजात जाणारी मुलगी होती आणि ती तिकिटावरून त्यांच्या मागे लागली होती.

"बाबा, वर बाल्कनीतलं द्या ना. माझ्या सगळ्या मैत्रिणी वर आहेत."

"त्यांना बसू दे वर. तू पहिल्या रांगेत बस, आईजवळ. तिथून छान दिसतं." त्यांनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला. मला ते बघून बरं वाटलं. भेदरलेल्या माणसाला कुणाचंही प्रेम बघून धीर येतो.

आमचं ऐकून त्यांनी कपाळाला आठ्या घातल्या. "अरेरे. मी पाहिलं ना त्यांना काल. इथे, या अ‍ॅम्पजवळ उभे राहून एकच सूर वाजवत होते. मग गिटार स्टँडवर ठेवली आणि मागच्या दारानं गेले. घाईत दिसले जरा. कलाकार माणसं, लहर आली की निघतात." मग माझ्याकडे बघून म्हणाले, "काळजी करू नका हं. मी सगळ्या खोल्या उघडून दाखवतो."

आणि त्यांनी खरंच दाखवल्या. रंगपट, कोठार, तळघर, जनरेटरची खोली. प्रत्येक दार उघडताना मी डोळे मिटून घ्यायची आणि वहिनी आत बघायची. बाल्कनीच्या जिन्याशी आलो तेव्हा त्यांनी वरच्या दाराला लोंबणारं कुलूप खालूनच दाखवलं. "ते कालपासून बंदच आहे. संध्याकाळी प्रेक्षक यायच्या वेळी उघडायचं."

दादा कुठेच नव्हता.

३

आम्ही स्टेजवर परत आलो. व्यवस्थापक मुलीला फाटकापर्यंत सोडायला गेले. माझ्या हातांना काहीतरी काम हवं होतं. तेव्हा लक्षात आलं की सकाळपासूनच्या या गोंधळात अ‍ॅम्प लावायचाच राहून गेलाय. मी बटण दाबलं. अ‍ॅम्प गुणगुणला. त्याच्यावर ठेवलेल्या रिसीव्हरचा लाल दिवा लागला.

बदली पेटी उघडत होता, गडगड्या पाणी पीत होता, वहिनी पहिल्या पायरीवर बसली होती. बेस स्टँडवर होता, त्याला कसलीही वायर जोडलेली नव्हती.

आणि अ‍ॅम्प गुरगुरला.

खोल घशातून आल्यासारखी घरघर, पायाखालच्या फळ्यांतून थेट पोटात शिरणारी. बदलीच्या हातून पेटीचं झाकण सुटलं. गडगड्या म्हणाला, "वायरिंग खराब असेल," पण पाण्याची बाटली घेऊन तो भिंतीपर्यंत मागे सरकला होता.  पळायचं होतं, पण पाय जागचे हलेनात.

मग आवाज तुटक झाला. ठक ठक. जरा थांबून, ठक.

रिसीव्हरचा दिवा हिरवा झाला होता.

माझा हात आपोआप वर गेला. रिकाम्या हॉलमध्ये, कुणालाही न दिसणारा, वर गेलेला हात. आणि मला रडू फुटलं.

"तो आहे," मी वहिनीला म्हणाले. "वहिनी, तो जिवंत आहे, इथेच आहे."

दिवा पुन्हा लाल झाला.

मी तिचा दंड धरून भराभर सांगितलं. दादा वायरलेसवर वाजवतो. त्याच्या कमरेला एक छोटी डबी असते, तिच्यापासून बेसपर्यंत वीतभर वायर. डबी आवाज हवेतून या रिसीव्हरला पाठवते आणि रिसीव्हर अ‍ॅम्पला. बेस काढून घेतला तरी वायरची उघडी पिन बोटानं धरली की अ‍ॅम्प असाच गुरगुरतो. हिरवा दिवा म्हणजे डबी चालू आहे. इमारतीच्या बाहेर ती पोचत नाही.

"मग लाल का झाला?"

"बॅटरी वाचवतोय. एका कार्यक्रमापुरतीच चालते ती. रात्रभर बंद ठेवली असणार, आणि सकाळी मी अ‍ॅम्प लावीन म्हणून..." मला पुढे बोलवेना. सकाळपासून मी अ‍ॅम्प लावला नव्हता. तो किती वेळा ठोकून थकला असेल कोण जाणे.

"चल, व्यवस्थापकांकडून सगळ्या किल्ल्या घेऊ," मी म्हणाले.

वहिनीनं माझं मनगट धरलं. "थांब. हॉलचा सूर शोधताना तुझा दादा कुठे उभा असतो?"

"उभा कुठे असतो? फिरत असतो. खुर्च्यांत, जिन्यांवर, वर, खाली. म्हणून तर वायरलेस. काय कुठे थरथरतंय ते तिथे जाऊनच कळतं."

"स्टेजवर?"

"स्टेजवर फक्त अ‍ॅम्प वाजतो."

ती माझ्याकडे बघत राहिली आणि हळूहळू मलाही दिसायला लागलं. गडगड्यानं दादाला ऐकलं होतं. व्यवस्थापकांनी त्याला अ‍ॅम्पजवळ उभं राहून वाजवताना पाहिलं होतं. जिथे दादा नव्हताच, तिथे.

"वाजवणारा अ‍ॅम्पजवळ असणार, असं ज्याला वायरलेस माहीत नाही तोच धरून चालेल," वहिनी म्हणाली. "आणि माहीत असतं तर आधी ती डबी काढून घेतली असती. गडगड्या किंवा बदली असता तर डबी दादाच्या कमरेला राहिलीच नसती. बेस उचलून आणला आणि डबी मात्र..."

"काय झालं?" मागून लोण्यासारखा आवाज आला. "कसला आवाज होता तो?"

व्यवस्थापक आमच्या अगदी पाठीशी उभे होते.

४

माझी बोबडी वळली. बरं झालं, नाहीतर मी काहीतरी बरळून बसले असते. वहिनीनं मात्र ताकास तूर लागू दिला नाही.

"काही नाही हो," ती हसून म्हणाली. "बदली वाजवणार म्हणजे बेस तपासायला हवा. हिला तो कालचा सूर काढून बघायचाय. तुम्ही बसा ना."

बसा म्हणाली आणि स्वतः त्यांच्या समोर उभी राहिली, स्टेजकडे पाठ करून. गडगड्याला तिनं नजरेनंच दाराकडे पाठवलं.

प्रत्येक हॉलचा एक सूर असतो. बेसवर तो लागला की हॉल आपणहून त्याच्याबरोबर गायला लागतो. कुठे दिव्याची काच किणकिणते, कुठे खिडकीची चौकट वाजते. दादा ते शोधून चिकटपट्टी लावतो, म्हणजे कार्यक्रमात घात होत नाही. काल त्यानं असं काय शोधलं होतं, हे मला वाजवूनच कळणार होतं. मी बेस गळ्यात घातला आणि वायरनं अ‍ॅम्पच्या दुसऱ्या भोकात जोडला.  सर्वांत खालची तार हळूच छेडली, मग एक पडदा वर, मग आणखी एक.

काहीच झालं नाही. हॉल गप्प होता. तरी वहिनी पुटपुटली, "वर बघितलं."

तिचे डोळे व्यवस्थापकांवर होते. त्यांचे डोळे बाल्कनीवर होते.

मी आणखी एक पडदा वर सरकले.

हॉल गायला लागला. काच नव्हे, चौकट नव्हे. बाल्कनीच्या पोटातून एक जाड, सुटलेला खडखडाट आला, आत काहीतरी मोठं सैल झाल्यासारखा. मग बाल्कनीच्या खालच्या अंगाला एक लांब काळी रेघ दिसली आणि तिच्यातून पांढरी भुकटी झिरपायला लागली. खालच्या खुर्च्यांवर ती अलगद बसत होती. सकाळी माझ्या फडक्यावर आली होती तीच.

"बंद करा," व्यवस्थापक म्हणाले. "बंद करा म्हणतो ना."

मी तारा तळहातानं दाबल्या. दादा वर असेल, हे तेव्हाच डोक्यात आलं, आणि मी काय करून बसले असते हेही.

"चोराच्या मनात चांदणं," वहिनी म्हणाली. "हॉल गप्प होता तेव्हाच तुम्ही वर बघत होतात. तो वर आहे ना?"

व्यवस्थापक उठले आणि दाराकडे वळले. दारात गडगड्या उभा होता. तो काही करत नव्हता, फक्त उभा होता, आणि दारात दुसऱ्या कशालाच जागा उरली नव्हती.

"प्रोजेक्टरची जुनी खोली," शेवटी ते म्हणाले. किल्ल्यांचा जुडगा त्यांच्या हातात वाजत होता. "बाल्कनीच्या मागे. मी मारलं नाही हो त्यांना. तडा बघून ते कार्यक्रम बंद करायला निघाले, मी अडवलं, झटापटीत ते पडले. फक्त आजचा दिवस काढायचा होता. हॉल बंद झाला की मी रस्त्यावर. रात्री मी स्वतःच त्यांना सोडणार होतो."

"आणि मेसेज?"

"बेशुद्ध होते. अंगठा लावला की फोन उघडला."

वहिनी मटकन खुर्चीत बसली. तेवढा वेळ ती उभी होती तीच नवलाची गोष्ट होती.

५

वर कुणी जायचं हा प्रश्नच नव्हता. गडगड्याच्या वजनानं काय झालं असतं ते सांगायला नको. बदलीही चांगला जाडजूड. वहिनीच्या पायांत त्राण नव्हतं. सगळ्यांत हलकी मी. देवानं कधीकधी थट्टा करायची म्हणून माणसाची निवड केलेली असते.

"भिंतीला धरून जा," व्यवस्थापक म्हणाले. "कठड्याकडे जाऊ नका."

मी किल्ल्या घेऊन वर गेले. हिंमत आली वगैरे काही नाही. शेवटपर्यंत घाबरलेलीच होते, दात वाजत होते, पाठ भिंतीला अशी चिकटवली होती की शर्टाचा मागचा भाग पांढराफटक झाला. प्रत्येक पावलाला फरशी खाली जातेय असं वाटायचं. जुन्या प्रोजेक्टरचा खडखडाट प्रेक्षकांना ऐकू जाऊ नये म्हणून त्या खोलीचं दार आणि भिंती जाड कापसानं मढवलेल्या होत्या. आतून कितीही ओरडलं तरी खाली कुणाला कळलं नसतं.

दार उघडलं. दादा भिंतीला टेकून बसला होता. कपाळावर वाळलेलं रक्त, ओठ फुटलेले, एका हातात ती डबी आणि दुसऱ्या हाताच्या बोटात पिन. त्यानं माझ्याकडे पाहिलं. ओरडून ओरडून त्याचा आवाज बसला होता.

"अ‍ॅम्प लावायला इतका उशीर?" तो घोगऱ्या आवाजात म्हणाला.

मी त्याच्या गळ्यात पडून इतकी रडले की शेवटी त्यानंच माझ्या पाठीवर थोपटलं.

त्याला भिंतीकडेनं खाली आणलं तेव्हा वहिनी जिन्याशी होती.  तिनं दोन्ही हातांनी त्याचा चेहरा धरला, कपाळ पाहिलं, कानामागे पाहिलं, जणू त्याला मोजूनच घेत होती. मग त्याच्या छातीवर डोकं टेकून उभी राहिली.

वहिनीच्या दुसऱ्या फोननंतर पोलीस निघाले होते. व्यवस्थापक पहिल्या रांगेत, ज्या खुर्चीवर संध्याकाळी त्यांची मुलगी बसणार होती तिच्या शेजारी बसले होते.

"तडा इतका मोठा आहे हे मला ठाऊक नव्हतं," ते म्हणत होते. "खरंच सांगतो. धोका आहे असं वाटलं असतं तर..."

वहिनी वळली. तिचा आवाज तेव्हाही चढला नाही.

"मग लेकीला वर का बसू दिलं नाहीत?"

त्यांनी तोंड उघडलं. पण त्यांची नजर वहिनीच्या खांद्यावरून मागे गेली आणि तिथेच थिजली. दारात, गडगड्याच्या कोपराखालून, त्यांची मुलगी आत बघत होती. ती फाटकातून परत कधी आली कुणालाच कळलं नव्हतं. तिनं वरच्या काळ्या रेघेकडे पाहिलं, खुर्च्यांवरच्या भुकटीकडे पाहिलं.

"बाबा," ती म्हणाली, "माझ्या मैत्रिणी वर बसणार होत्या."

 ती उत्तराची वाट बघत तशीच उभी राहिली.

मी स्टेजवर गेले. बेस पुसला, पेटीत ठेवला, दोन्ही कड्या लावल्या. अ‍ॅम्प बंद करायला हात नेला तर रिसीव्हरचा दिवा पुन्हा हिरवा झाला होता, आणि माझ्यानं बटण दाबवेना. तो विझला तर दादा पुन्हा कुठेतरी हरवेल, असं वेडंवाकडं काहीतरी मनात आलं.

खाली दादानं वहिनीला एका हातानं धरलं होतं. दुसऱ्या हातानं त्यानं पिन ठोकली. ठक ठक, जरा थांबून, ठक. मी हात वर केला. मग त्यानं डबी बंद केली, आणि मी अ‍ॅम्प.